केराटोकोनस असताना लेन्स कशी बसवायची आणि लायसन्सचं काय

खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २३, दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन टोकदार होत जाण्याचा आजार; पुढे बुबुळ म्हणते ते त्याच पडद्याला. चष्म्याने उजव्या डोळ्याला ६/९ दिसतं, डाव्याला ६/३६ (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). डाव्याचं क्रॉस-लिंकिंग (बुबुळ कडक करून आजार थांबवण्याचा उपचार) आठ महिन्यांपूर्वी झालंय. एका चष्म्याच्या दुकानातून डाव्याला आरजीपी, म्हणजे हवा आत जाऊ देणारी कडक लेन्स घेतली. पहिल्या दिवशी तक्ता शेवटपर्यंत वाचला, पण लेन्स टोचायची, दोनदा डोळ्यातून निसटली, शेवटी डबीत पडून राहिली. आता लायसन्स काढायचंय, कारण घरची भाजीची छोटी मालगाडी मध्यरात्रीनंतर चोर्ला घाटाने गोव्याला जाते आणि चालवायला घरचं माणूस नाही. मित्राचं म्हणणं, एक डोळा चांगला असला की भागतं.

तर आधी मित्राचं. भागत नाही.

अर्जासोबत फॉर्म १ असतो, म्हणजे आपल्या प्रकृतीबद्दल आपणच सही करून दिलेलं निवेदन. त्यात असं विचारलंय की चांगल्या दिवसाउजेडी, २५ मीटर अंतरावरून, चष्मा असल्यास तो लावून, प्रत्येक डोळ्याने मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का. एका डोळ्याची सवलत त्याच वाक्यात आहे, पण ती कुणाला? ज्याच्याकडे किमान पाच वर्षं लायसन्स होतं, त्यानंतर ज्याचा एक डोळा गेला, आणि ज्याला ट्रान्सपोर्ट नसलेली हलकी गाडीच चालवायची आहे. तुम्ही नवे अर्जदार आहात, मालगाडी चालवायची म्हणता, आणि मुख्य म्हणजे तुमचा डावा डोळा गेलेला नाही. त्याला नीट लेन्स मिळालेली नाही, एवढंच. सवलतीच्या वाटेला जायचं कारणच नाही.

हा फॉर्म केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला आहे. सगळ्या देशाला एकच. त्यामुळे ‘बेळगावात जमेना तर कोल्हापूरच्या पत्त्यावर काढ, तिकडं चालतंय’ हा आपल्या भागातला ठरलेला सल्ला इथे काही कामाचा नाही. फॉर्म बहुतेक वेळा एजंट भरतो आणि खाली सही मागतो. सही तुमची असते. उद्या अपघात होऊन विमा कंपनीचा वकील कागद काढायला लागला की एजंट सापडत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि ट्रान्सपोर्ट वर्गासाठी फॉर्म १-ए लागतो. त्यावर नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मी लेन्स बसवू शकते, नजर लिहून देऊ शकते, तो दाखला देऊ शकत नाही. छोट्या मालगाडीचं म्हणाल तर एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. गाडीच्या आरसीवरचं वजन एकदा बघून घ्या.

आता २५ मीटर म्हणजे नेमकी किती नजर? लोक ‘६/६ लागतं’ म्हणून घाबरतात. मोटारीच्या प्लेटवरची अक्षरं नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच असतात. २५ मीटरवरून असं अक्षर डोळ्याशी जेमतेम ९ मिनिटांचा कोन करतं (एका अंशात अशी ६० मिनिटं). आमच्या तक्त्यावर ६/९ च्या ओळीतलं अक्षर साडेसात मिनिटांचं असतं, ६/१२ च्या ओळीतलं दहा मिनिटांचं. म्हणजे ६/९ वाचणारा प्लेट वाचतो आणि ६/१२ वर अडकणारा काठावर राहतो. प्लेटवरच्या अक्षरांची रेघ तक्त्यापेक्षा जरा बारीक असते, म्हणून मी काठावरच्या माणसाला ‘जमेल’ असं म्हणत नाही. तुमचा उजवा डोळा चष्म्याने आजच पास आहे. डाव्याला ६/९ मिळवून देणं, हे आपलं काम. केराटोकोनसमध्ये कॉर्नियावर मधोमध डाग पडलेला नसेल तर नीट बसलेल्या लेन्सने हे बहुतेकांना मिळतं. तुम्ही पहिल्याच दिवशी तक्ता शेवटपर्यंत वाचलात, म्हणजे डोळ्यात ती ताकद आहे हे सिद्धच झालं.

घरी करून बघायचं असेल तर क्रिकेटचं पीच २० मीटरच्या जरा वर असतं, त्यापुढे सहा-सात पावलं टाका. उन्हाच्या वेळी, एक डोळा तळहाताने झाकून (बोटांनी दाबून नव्हे, दाबलेला डोळा मग नीट दिसत नाही), आणि अनोळखी मोटारीची प्लेट. मोटरसायकलची नको, तिची अक्षरं लहान असतात. घरच्या गाडीचा नंबर पाठ असतो, तोही नको.

ती लेन्स का टोचली, याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या दोन आकड्यांतच आहे. डाव्या डोळ्याच्या टोपोग्राफीत, म्हणजे बुबुळाच्या आकाराच्या नकाशात, के-रीडिंग (बुबुळ किती टोकदार त्याचा आकडा) ४८ आणि ५२ आहे, आणि डबीवर बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूच्या गोलाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये) ७.४० लिहिलंय. सर्वसाधारण डोळ्याचं के-रीडिंग ४३-४४ च्या आसपास असतं. तुमचं सरासरी ५०. त्याला मिलिमीटरमध्ये आणायचं तर ३३७.५ भागिले ५०, म्हणजे ६.७५. ७.४० ची लेन्स म्हणजे साडेपंचेचाळीस के-रीडिंगचा गोल. बुबुळ टोकदार आणि लेन्स पसरट! ती टोकावर टेकते, डोळा मिटला की डुगडुगते, कडा बुबुळापासून उचललेल्या राहतात, पापणी त्या कडेला घासते, आणि एखाद्या जोराच्या मिचकावण्यात लेन्स बाहेर. तुमचा डोळा ‘नाजूक’ नाही, तुमची ‘सवय होत नाही’ असंही नाही.

फसवणारी गोष्ट पुढे आहे. अशी पसरट लेन्स टोकाला दाबून सपाट करते, म्हणून पहिल्या दिवशी त्यातून फार छान दिसतं. पेशंट खूश, दुकानदार खूश. पण तेच टोक रोज घासलं जातं. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या क्लेक या मोठ्या अभ्यासात १२०९ केराटोकोनसच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. त्यात पसरट बसलेल्या लेन्स आणि कॉर्नियावरचे डाग यांचा संबंध दिसला. डाग लेन्समुळेच पडला असं प्रत्येक डोळ्याबाबत छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण आजारानेही डाग पडतो. तरी मी तो धोका घेत नाही. मधोमध दाट डाग पडला की मग जगातली कुठलीही लेन्स ६/९ देत नाही, आणि लायसन्सचा प्रश्न तिथेच संपतो. म्हणून लेन्स बसवताना आज किती ओळी वाचल्या हे मी शेवटी बघते.

आधी काय बघते? बिनलेन्सचा ताजा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी. तुम्ही लेन्स बंदच केलीय ते बरं झालं. रोज आरजीपी घालणाऱ्याला मी टोपोग्राफीआधी त्या डोळ्याची लेन्स किमान दोन आठवडे बंद ठेवायला लावते, नाहीतर यंत्राला बुबुळाचा खरा आकार दिसत नाही, लेन्सने दाबलेला दिसतो. मग ट्रायल सेटमधली (घालून बघायच्या नमुना लेन्सच्या संचातली) लेन्स घालायची आणि अर्धा-पाऊण तास बाहेर बसवायचं. सुरुवातीला पाणी येतं, त्या पाण्यात सगळ्याच लेन्स सैल वाटतात. त्यानंतर फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात बघायचं. लेन्सखाली जिथे पाणी साठलंय तिथे हिरवं चमकतं, जिथे टेकलीय तिथे काळं दिसतं. टोकाला हलका, पुसट स्पर्श, बाजूने थोडा आधार, कडेला हिरवी अरुंद पट्टी, आणि मिचकावल्यावर लेन्स मिलिमीटरभर सरकायला हवी. मध्ये गडद काळा ठिपका दिसला तर लेन्स पसरट. मध्ये हिरवं तळं आणि त्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर फार खोल. हे जुळलं की मगच त्या लेन्सवर नंबर काढायचा.

केराटोकोनससाठी वेगळ्या आकाराच्या लेन्स मिळतात. रोझ-के हे त्यातलं ऐकलेलं नाव, न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांनी बनवलेली. मधे खोल आणि कडेकडे झपाट्याने पसरट होत जाणारी. साध्या आरजीपीला हा उतार जमत नाही. दोन-तीन वेळा लेन्स बदलून घ्यावी लागेल हे गृहीत धरा, आणि घेण्याआधीच विचारा की बदलून देण्याचे पैसे वेगळे पडतील का. ट्रायल सेट नाही, फ्लुरोसीन नाही, नुसता चष्म्याचा नंबर बघून ऑर्डर देतो असं कुणी म्हटलं तर नमस्कार करून निघा.

तरीही तुमच्या बाबतीत माझा कल स्क्लेरल लेन्सकडे जास्त आहे, आणि त्याचं कारण तुमचं काम. आरजीपी साधारण ९ मिलिमीटरची, बुबुळावर तरंगणारी. तिच्याखाली धुळीचा एक कण गेला की डोळा उघडता येत नाही. खानापूर-जांबोटीची तांबडी धूळ, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागून जाताना उडणारं पाचट, उघडी खिडकी: वळणावर असं झालं तर दोन्ही डोळे मिटतात, एकच नाही. स्क्लेरल लेन्स १५ ते १८ मिलिमीटरची असते. ती बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते, आणि मधल्या पोकळीत सलाईन भरलेलं असतं. धूळ आत शिरत नाही, लेन्स निसटत नाही, आणि इतकी मोठी असूनही टोचत नाही, याचं नव्या माणसाला नेहमी नवल वाटतं. किंमत मात्र आरजीपीच्या कित्येक पट. बसवायला यंत्रं आणि अनुभव दोन्ही लागतो. बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर इथल्या कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे फोन करून ‘स्क्लेरलचा ट्रायल सेट आहे का’ एवढंच विचारा. अगदी अवघड डोळ्यांसाठी हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय आहेच, पण तुमच्या आकड्यांवरून तितकं लांब जावं लागेल असं वाटत नाही. ऐपत आरजीपीचीच असेल तर तीही चालेल. मग गाडीत खिडकी बंद आणि डोळ्यावर कडेने झाकणारा साधा पारदर्शक गॉगल, हे सक्तीचं समजा.

उजव्या डोळ्याला चष्मा आणि डाव्याला लेन्स, हे कसं जमवायचं? त्याच चष्म्यात डाव्या बाजूला बिननंबराची काच बसवून घ्या, किंवा लेन्सवरून काही नंबर उरला असेल तर तेवढाच. धुळीपासून आडोसाही होतो. जुना दोन्ही नंबरांचा चष्मा लेन्सवर घालून आलेले लोक मी बघितलेत, आणि ‘लेन्सनं डोकं दुखतंय’ ही त्यांची तक्रार असते.

इथपर्यंत फॉर्मचं झालं. पण तुमची गाडी फॉर्ममधल्या ‘चांगल्या दिवसाउजेडी’ जाणारच नाही. ती रात्री दोन-तीनला निघणार. मला जास्त काळजी त्याची आहे.

अंधारात बाहुली मोठी होते. दिवसा लहान बाहुलीतून बुबुळाचा मधला थोडाच भाग वापरला जातो. रात्री आजूबाजूचा वाकडातिकडा भागही कामाला लागतो, आणि समोरून येणाऱ्या दिव्याला शेपूट फुटतं, एका दिव्याचे तीन दिसतात. आमच्याकडे येणारे ड्रायव्हर म्हणतात, ‘समोरची लाईट फुटल्यागत दिसतीया.’ ६/९ चा कागद खिशात असतानाही हे होतं, कारण तक्ता काळा-पांढरा, उजेडातला. आता लेन्सचं असं की तिच्यातला नंबर असलेला मधला गोल, म्हणजे ऑप्टिक झोन, लहान असला आणि बाहुली त्यापेक्षा मोठी झाली, तर कडेवरून आलेला प्रकाश पुन्हा तसाच पसरतो. फार टोकदार बुबुळासाठीच्या आरजीपीत हा गोल लहान ठेवावा लागतो. स्क्लेरलमध्ये तो ऐसपैस मिळतो, शिवाय ती सरकत नाही. म्हणून लेन्स बसवणाऱ्याला स्पष्ट सांगा: ‘मला रात्री चालवायचंय, खोलीतले दिवे घालवून एकदा तपासा.’ न सांगितलं तर बहुतेक ठिकाणी कुणी तपासत नाही.

आणि लेन्स हातात आली की लगेच स्टिअरिंगवर बसू नका. आधी शेजारच्या सीटवर बसून दोन-चार वेळा रात्री घाट उतरा. कणकुंबीच्या पुढची वळणं, पावसाळ्यातलं धुकं, समोरून हाय बीम टाकून येणारी गाडी. ड्रायव्हरला वळणाचा दगड दिसतो त्याच वेळी तुम्हालाही दिसतो का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे बघा. नाही दिसला तर लायसन्स मिळालं तरी रात्रीची फेरी दुसऱ्याकडे द्या, दिवसाची तुम्ही करा. उजवा डोळा चष्म्याने ६/९ असला तरी रात्री तोही कुरकुरू शकतो, तेव्हा त्यालाही लेन्स लागेल ही शक्यता मनात धरा.

या धंद्यात लेन्स सांभाळायचे काही खास प्रश्न येतात. मिरचीची पोती उचलल्यावर हात साबणाने धुऊनही तिखट राहतं. लेन्स मालाला हात लावण्याआधी घाला. काढताना आधी हाताला खोबरेल चोळा, मग साबणाने दोनदा धुवा, कोरडे करा, आणि बोटाऐवजी रबरी प्लंजर (लेन्सला चिकटवून ती ओढून काढायचं छोटं साधन) वापरा. स्क्लेरल असेल तर तो प्लंजर लेन्सच्या मधोमध नाही, कडेजवळ लावायचा. मधोमध ओढलं तर लेन्स आणखी घट्ट बसते. घालताना स्क्लेरल लेन्स सलाईनने काठोकाठ भरायची, मान पूर्ण खाली घालून चेहरा जमिनीला समांतर ठेवायचा, नाहीतर आत बुडबुडा राहतो आणि त्यातून सगळं धूसर दिसतं. सलाईन प्रिझर्वेटिव्ह नसलेलं, एका वेळेच्या छोट्या कुप्यांतलं घ्या. मेडिकलमधली मोठी बाटली फोडून पंधरा दिवस वापरणं बंद. टाकीचं, बोअरचं, फिल्टरचं, कुठलंच पाणी लेन्सला किंवा डबीला लावायचं नाही. पाण्यातल्या अकँथामिबा या सूक्ष्म जीवाचा संसर्ग झाला तर महिनोन् महिने उपचार चालतात आणि डोळा वाचेलच असं नसतं.

म्हापशात किंवा पणजीत माल उतरेपर्यंत केबिनमध्येच डुलकी काढायची सगळ्यांना सवय असते. लेन्स काढल्याशिवाय झोपायचं नाही, अर्धा तासही नाही. स्क्लेरलखालचं सलाईन काहींना तीन-चार तासांत गढूळ होतं आणि समोर धुकं आल्यासारखं वाटतं. तेव्हा गाडी बाजूला घेऊन लेन्स काढायची, नवं सलाईन भरून पुन्हा घालायची. त्यासाठी सगळं सामान गाडीत हवं. चष्माही हवाच, पण एक लक्षात ठेवा: नुसत्या चष्म्याने तुमचा डावा डोळा नियमात बसत नाही. लेन्स फुटली, हरवली, तर त्या दिवशी गाडी दुसरा चालवेल. लेन्स घातलेल्या डोळ्यात अचानक ठणका, पाणी आणि बुबुळावर पांढरेपणा दिसला तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो संसर्ग असू शकतो किंवा कॉर्नियात अचानक पाणी शिरलेलं असू शकतं. दोन्हींत उशीर चालत नाही.

एक गैरसमजही काढून टाका. कडक लेन्स बुबुळाला दाबून आजार थांबवत नाही. थांबवायचं काम क्रॉस-लिंकिंगचं, आणि ते तुमच्या डाव्या डोळ्याचंच झालंय. उजव्याचं झालेलं नाही, आणि २३ हे काही आजार शांत होण्याचं वय नव्हे. उजव्याची टोपोग्राफी दर सहा महिन्यांनी करा, शक्यतो त्याच यंत्रावर, म्हणजे दोन नकाशे शेजारी ठेवून फरक कळतो. आकडे वाढत असतील तर लेन्स आणि लायसन्स दोन्ही बाजूला ठेवून आधी कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे. वाढत नसतील तर डाव्याची लेन्स बसवा, महिना-दोन महिने रोज आठ तास घालून बघा, टोपोग्राफी आणि नजर पुन्हा तपासून घ्या, आणि मग फॉर्म भरा. लेन्स लावून नजर तपासली जात असेल तर तपासणाऱ्याला तसं सांगा, म्हणजे कागदावरची नजर लेन्ससह आहे हे त्यात येईल.

तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे आणि उन्हाळा आला की डोळे लाल करून चोळत बसतो. हा मजकूर वाचून झाल्यावर पहिलं काम त्याचं करा. ॲलर्जी, डोळे चोळणं आणि घरात केराटोकोनस, हे तिन्ही त्याच्याकडे आहे. त्याचा चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलत असेल तर वाटच बघू नका, टोपोग्राफी करून घ्या. चोळणं थांबवायला डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब घाला आणि थंड पाण्याची पट्टी ठेवा. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेले ‘लाली जाते’ म्हणून स्टेरॉइडचे थेंब त्याला घालू नका. महिनोन् महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो, आणि हे पंधराव्या वर्षीही होतं. तुमच्या लेन्सच्या तपासणीला याल तेव्हा दोघांचे जुने सगळे रिपोर्ट, डबीतली ती ७.४० ची लेन्स आणि भावालाही सोबत घेऊन या.